कुंड्यांची बाई

बाबनराव पराते वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी माळी झाला, असे म्हणणे सोयीचे असले तरी ते पुरते खरे नाही. तो माळ्यांच्या हजेरीपटावर रोजंदारीने चढला, एवढेच. त्याआधीची सत्तावीस वर्षे पाचपावलीतल्या आपल्या घरी, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून तो लुगडी विणत होता. यंत्रमागाच्या स्वस्त लुगड्यांनी त्याचा माग बंद पाडला आणि १९७३ साली सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी बागेत त्याच्या हाती खुरपे आले. तीन वर्षे झाली तरी मुख्य माळी नत्थूजी त्याला नावाने हाक मारीत नसे, ‘कोष्टी’ म्हणे.

त्या हिवाळ्यात बागेत एक कायमची जागा रिकामी झाली. शेवंतीचा हंगाम आटोपल्यावर गोदामामागे काठ फुटलेल्या मातीच्या कुंड्यांची रास साचली होती. ती पाहून बागेचे अधीक्षक म्हणाले, “यांचं काहीतरी शोभेचं करा. सोमवारी मोठे साहेब येणार आहेत. ज्याचं काम त्यांना आवडेल, त्याच्या नावाची मी रिकाम्या जागेसाठी शिफारस करीन.”

इतरांनी मोर आणि बदके करायला घेतली. बाबनरावाने राहाटावर सुताच्या कांड्या भरणारी बाई करायची ठरवली. मोठी कुंडी पालथी घालून त्याने मांडी केली, तिच्यावर दुसरी ठेवून धड आणि तिसरी ठेवून डोके केले. लहान कुंड्यांच्या बुडाच्या भोकांतून सुतळी ओवून हात केले. ते कोपरात वाकत, बोटांपाशी निमुळते होत. चार दिवसांत बाई डेलियाच्या वाफ्यात, फुलांच्या मधोमध बसली.

“बाई हाय का उतरंड गा?” नत्थूजीने कमरेवर हात ठेवून विचारले. “साहेबाले मोर आवडते.”

“मोर तं सबनच करून राहिले, नत्थूजी.”

“म्हून तं तुले कोष्टी म्हनतो. बगीच्यात येऊनही माग सुटत नाही तुहा.”

बाबनराव बाईच्या हाताची सुतळी ताणून पाहू लागला. हे वाक्य तो तीन वर्षे गिळत आला होता.

रंगाचा प्रश्न उरला. गेरू आणि चुना होता. इतर माळी तो पाण्यात कालवून थापत. तसा रंग हाताला लागतो, म्हणून बाबनरावाला ते पटेना. कांजीची खळ दिल्याशिवाय सूत मागावर चढत नाही, हे त्याच्या बोटांना डोक्याआधी कळत असे. रविवारी पहाटे त्याने घरातली तांदळाची पेज गाळून डब्यात भरली.

“काहून वं, पेज कोठं गेली?” त्याच्या बायकोने, सुभद्रेने, धाकट्या जावेला विचारले, तोवर हा सायकलवर बसलाही होता. मागून तिचा आवाज आला, “आता दगडमातीलेही जेऊ घालून राहिले का तुमी?”

त्या दिवशी त्याने गेरूत कांजी घोटून बाईला रंगाचे तीन हात दिले. संध्याकाळी बोट फिरवून पाहिले. बोटाला कणभर रंग लागला नाही. फार दिवसांनी त्याला आपले हात आपलेच वाटले.

सोमवारी सकाळी वाफा तुडवलेला होता. तारेच्या कुंपणातली फट रुंद करून दोन गाई आत शिरल्या होत्या. बाईचा चेहरा आणि खांदे त्यांनी चाटून चाटून खरवडले होते, एक हात तुटून पडला होता आणि जाता जाता अर्धा डेलिया खाऊन टाकला होता. मोर आणि बदके जागच्या जागी होती.

दहा वाजता साहेब आले. वाफ्यापाशी थांबून त्यांनी अधीक्षकांना विचारले, “गुरं आत आली कशी?” अधीक्षकांनी चौकीदाराकडे पाहिले, चौकीदाराने कुंपणाकडे. प्रकरण तिथेच संपत होते. बाबनराव मागे हात बांधून उभा होता आणि त्याचे नाव कुणाच्याही तोंडी नव्हते.

“आन् हा रंगही कच्चाच होता, साहेब,” नत्थूजी पुढे होऊन म्हणाला. “गाईचं आंग घासलं, निंघून गेला.”

“कच्चा?” बाबनरावाचा आवाज त्याच्या स्वतःच्याच कानांना अनोळखी वाटला. “कच्चा नोहोता रंग! कांजी देल्ली होती म्या, तांदळाची. तीन हात. चाटल्याशिवाय जातच नाही तो!”

साहेबांनी बाईच्या चाटलेल्या चेहऱ्याकडे पाहिले. मग शांतपणे विचारले, “म्हणजे गाई त्या कांजीसाठीच आल्या?”

अधीक्षकांनी हातातला कागद दुमडला, खिशात ठेवला आणि मंडळी मोरांकडे वळली.

दुपारी नत्थूजी वाफ्यापाशी आला. त्याच्या स्वरात आता टोचणी नव्हती, खराखुरा वैताग होता. “अधीक्षक तुहंच नाव घेनार होते. कागदावर लिवलं होतं. चूप राह्यला असता तं चौकीदारावर गेलं असतं. काहून बोलला गा, बाबनराव?”

“तुमी कच्चा म्हनलं,” बाबनराव म्हणाला आणि मोडलेली डेलियाची झाडे उपटू लागला.