काकांनी मोजलेलं इंजिन

मिस्त्रीकाकांनी चाळीस वर्षांत इंजिनाचं कम्प्रेशन, म्हणजे आतली हवा किती पट दाबली जाते ते, कधी मोजलं नव्हतं. इंजिनाच्या घासलेल्या झाकणावरून, म्हणजे हेडवरून, अंगठा फिरवायचा आणि आकडा सांगून टाकायचा. त्यावर कोणी शब्द काढत नसे. पण या वेळी घाटातल्या शर्यतीत गाडी पळवणार होती त्यांची सख्खी पुतणी, आणि दुपारी दोनला गाडी तपासणीला न्यायची होती.

"काका, रेशो किती झाला?"

"अकराच्या आसपास."

"फॉर्मवर आसपास कसं लिहू?"

काका कुरकुरत उठले. हेड उलटं ठेवलं, त्याच्या चार खळग्यांपैकी एकावर भोकाची काच ग्रीसने चिकटवली आणि सिरिंजने पातळ तेल सोडलं. हेडखालच्या गॅसकेटची आणि पिस्टनवरची जागा मिळवून आकडा आला तेहतीस सीसी. पिस्टन वर आला की एवढीच जागा उरणार, खाली गेला की तीत चारशेची भर.

पुतणीने चारशे तेहतीसला तेहतिसाने भागलं. "तेरा येतंय."

काकांनी दोनदा पुन्हा तेल भरलं. तेराच. तेराला हे इंजिन घाटात आतून ठकठक ठोकायला लागलं असतं, पिस्टन फुटला असता, आणि गाडीत ही पोर.

"मीच हेड जास्त घासलं, जागा कमी झाली," ते खाली बघत म्हणाले. "अकराला चाळीस सीसी हवेत. जाड गॅसकेटने तीन मिळतील. उरलेले चार आतून कोरावे लागतील. पण त्या भिंतीमागे इंजिन गार ठेवणारं पाणी खेळतं, भोक पडलं तर हेड गेलं. भिंत किती जाड, ठाऊक नाही."

"अंदाज?"

"आज अंदाज नको विचारूस."

ग्राइंडर सुरू झाला. थोडं कोरायचं, तेलाने मोजायचं. तीन खळगे जमले. चौथ्यात एक सीसी उरला असताना आवाज बदलला, पोकळ झाला; भिंत पातळ झाली होती. काकांनी हात उचलला. घड्याळात सव्वा वाजला होता.

"एकच राहिलाय, काका."

"हो."

मग पुतणीनेच जाऊन ग्राइंडरची पिन बोर्डातून काढली.

शर्यत हुकली. दोन दिवस ती काकांशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडून दुसरं हेड घेऊन आली. काकांनी ते चार वेळा थोडं थोडं घासलं, दर वेळी मोजून. पुढच्या महिन्यात ती घाट चढली आणि नववी आली. इंजिन एकदाही ठोकलं नाही.