टॅको कुणासाठी थांबत नाही

सर्वप्रथम माझी तक्रार नोंदवून घ्यावी. टॅको हा पदार्थ मान वाकडी केल्याशिवाय खाताच येत नाही. डॉक्टरांनी ज्याला मानेचा पट्टा सुचवला आहे अशा पन्नाशीच्या गृहस्थाने भर पार्किंगमध्ये बगळ्यासारखं उभं राहून जेवावं, हे कोणत्या शास्त्रात बसतं? शाळा-कॉलेजात संस्कृत घोकलं, पण भोजनविधीत ग्रीवा वक्र करण्याची आज्ञा कुठे वाचल्याचं स्मरत नाही.

तरी गेलो. कारण आमची कन्या ईरा जानेवारीत शिकायला आयर्लंडला चालली आहे. जाण्याआधी काय हवं विचारलं, तर म्हणाली, "खलिफा सिटीचे टॅको." दुबईच्या देऱ्यात येण्यापूर्वी आम्ही अबुधाबीच्या त्या उपनगरात राहायचो. टॅको विकणारा हा ट्रक आमच्याच गल्लीच्या तोंडाशी उभा असायचा. ईरा मैत्रिणींबरोबर तिथे पडीक; आम्ही नवराबायकोंनी कधी ढुंकून पाहिलं नाही.

शनिवारी दुपारी निघालो. देऱ्याहून दीड तास धरा. बसनेही जाता येतं, पण पुढे टॅक्सी लागतेच. सूर्यास्ताच्या सुमारास पोचा. लवकर गेलात तर शटर बंद, उशीर केलात तर रांग. माझी पत्नी वैशाली हिने वाटेसाठी थालीपिठं बांधून घेतली होती. बाहेर जेवायला जाताना घरून डबा नेणारी जमात बहुधा आपलीच.

सुपरमार्केटच्या मागे वाळूच्या मोकळ्या जागेत हिरवा ट्रक, चार प्लास्टिकची टेबलं. रांगेत विमानतळावरून सुटलेले गणवेशातले लोक, मुसफ्फ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपमधले दोघंतिघं. तव्यापाशी मालक रमोन, मूळचा मेक्सिकोतल्या पुएब्लाचा. पंचवीस दिरहॅमला तीन टॅको, म्हणजे सहाशे रुपयांच्या घरात. इथल्या मानाने स्वस्तच.

वैशाली शाकाहारी. तिच्यासाठी एकच प्रकार होता, नोपाल.

"म्हणजे काय गं?"

"कॅक्टस, आई."

"निवडुंग? अगं, आमच्याकडे तो गुरं आत येऊ नयेत म्हणून कुंपणाला लावतात!"

"इथेही आजवर आली नव्हती," मी म्हणालो. उरलेली रांग मी तिच्यापासून दोन हात लांब उभा राहिलो.

आता आमच्या घरचा नियम. सगळ्यांची पानं वाढून झाल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही. रमोन मात्र जसं तयार होईल तसं हातात देतो. ईराची प्लेट आली. ती धरून उभी राहिली. माझी आली, मीही उभा. निवडुंगाला तव्यावर वेळ लागत होता.

रमोनने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "व्हाय नो ईट? प्रॉब्लेम?"

"वेटिंग फॉर माय वाइफ."

"वाइफ कॅन वेट, हबीबी. टॅको नो वेट! यल्ला, क्विक!"

रांगेत हशा पिकला. तरीही आम्ही थांबलो. वैशालीची प्लेट येईपर्यंत रस्सा जिरून माझ्या टॅकोचं बूड सुटलं आणि कोंबडी बुटावर आली. रमोनने कपाळाला हात लावला, दोन्ही प्लेटी परत घेतल्या, वैशालीचीही मागितली. मग तीन नव्या प्लेटी खिडकीच्या फळीवर एकदम मांडल्या. "नाऊ फॅमिली. ईट."

खाल्लं. मक्याची तळहाताएवढी भाकरी, तिला भाजक्या कणसाचा वास. वर कांदा, कोथिंबीर, लिंबू, म्हणजे आपल्या मिसळीचीच भावंडं. निवडुंग किंचित आंबट, भेंडीची चुलत बहीण. वैशालीने दुसरी प्लेट मागितली.

"मैत्रिणींबरोबर यायचीस, तेव्हा काय करायचात?" मी ईराला विचारलं.

"एव्हरीवन जस्ट स्टार्टेड, बाबा. आय वेटेड." तिने बोट चाटलं. "माइन वॉज ऑलवेज सॉगी. पार लिबलिबीत."

परतताना ती मागच्या सीटवर झोपली. देऱ्यात दोघींना खाली उतरवून मी पार्किंग शोधत चार गल्ल्या फिरलो. वर आलो तर टेबलावर ती थालीपिठं, लोणी, तीन ताटल्या. वैशाली पाणी भरत होती. ईरा तुकडा मोडून, हातात धरून बसली होती.

"खायचं ना," मी म्हणालो.

"तू नव्हतास."

मानेचं दुखणं दोन दिवसांत गेलं, तक्रार मागे घेतो. आयर्लंडची थंडी, फी, अभ्यास, सगळं ती निभावेल. मला भीती एकाच गोष्टीची वाटते: ही मुलगी तिथेही घास हातात धरून थांबेल, आणि यायचं कुणीच नसेल.