ओले सोडे आणि नातीचा सोलर सेल

मंडळी, बोलते मी, टाइप करते माझी नात गौरी. मला अक्षर येत नाही, त्यामुळे तिने काही गाळलं तर तुम्हीच ओळखा.

गौरी पुण्यात क्वांटम डॉटचे सोलर सेल बनवते. डोळ्यांना न दिसणारे ते कण उन्हातून वीज काढतात म्हणे. पण वीज कमी मिळते, म्हणून बाईसाहेब इथे आचऱ्याला माझ्याकडे येऊन तोंड पाडून बसल्या होत्या.

आज सकाळी मी अंगणात सोडे, म्हणजे सोललेली कोळंबी, वाळत घातले आणि कावळ्यांच्या भीतीने वर जुनं जाळं चार पदरी पांघरलं. दुपारी बघते तर जाळ्याच्या सावलीत कोळंबी ओलीच!

गौरी हसत सुटली. "आजये, माझा पण असाच झाला! वीज गोळा करूक सेलवर चांदीच्यो रेघो मारलंय, तर त्येंचीच सावली पडता. बारीक केलंय तर वीज पोचना नाय."

"मगे आता सोडून देतलंस गो?"

"तू सोडे टाकून देतलंस?"

"माका काय खूळ लागला?"

मी जाळं एकपदरी केलं आणि काठी घेऊन राखणीला बसले. ती शेजारी लॅपटॉपवर नव्या रेघा आखू लागली.

सोडे अजून ओलसर आहेत, उद्या पुन्हा घालणार. तुम्ही काय पुन्हा उन्हात घालताय?