रस्त्याकडचा कोपरा

"हात न टेकता उठतोय तवर माझं वय इचारू नको," असं म्हणून अप्पा मांडी मोडून ताडकन उभे राहत. समोरच्यानं वय विचारलेलं असो वा नसो. मी तर कधीच विचारलं नव्हतं. मी त्यांच्या रानाचा कोपरा मागत होतो.

निंबर्ग्याजवळ सडकेला लागून त्यांचं रान होतं. निजामाचं राज्य जाऊन वर्ष-दीड वर्ष झालं होतं आणि आळंदची मोटार तिथं थांबू लागली होती. मी डोक्यावर डाळीची पाटी घेऊन बाजार फिरलेला माणूस. मोटार थांबते तिथं दुकान चालतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. दोन वर्षं घासाघीस केली. अप्पा चहा पाजत आणि म्हणत, "बस की शेठ. घाई कामून करायलास?"

तिसऱ्या वर्षी ते मला त्या कोपऱ्यावर घेऊन गेले. मला वाटलं, सौदा जमला. तिथं खड्डा खणलेला होता.

अप्पा लिंगायत. त्यांच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत, मांडी घालून मातीत बसवतात, आणि खड्डा त्याच्याच पावलांनी मापतात. अप्पांनी तो जिवंतपणीच मापून घेतला होता. "मागनं पोरं माझं पाऊल आखडतं धरतील," म्हणाले, आणि आत उतरून बसले. "शेठ, डोस्कं दिसायलंय का?"

"पटका दिसायलाय."

"मग आणखी हातभर."

माझं डोकं फिरलं. "अप्पा, विहिरीकडं बसा की! माती तीच हाय."

"तिकडं कोण बोलायला येतंय? हितं मोटारीची माणसं असत्यात."

दर पावसाळ्यात खड्डा गाळानं भरे. दर उन्हाळ्यात अप्पा तो स्वतः उपसत. मरणाच्या नावानंच ज्यांना ताप चढतो, असे म्हातारे तुम्हीही पाहिले असतील. यांना त्या कामानं भूक लागे, भाकरी जास्त जाई. त्या खड्ड्यानंच त्यांना जगवलं आणि माझं दुकान अडवलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग एका उन्हाळ्यात त्यांनी मला बोलावून घेतलं. काठावर बसून होते. "औंदा गाळ तू काढ. पोरांना सांगितलं तर रडत्यात. तुला माझा राग हाय, तुझा हात चांगला चालंल."

चालला. कमरेइतका उपसल्यावर मी म्हणालो, "फुकट न्हाई अप्पा. अर्धा कोपरा द्या."

"दिला."

माझं फावडं थांबलं. इतक्या वर्षांत या माणसानं मला वीतभर माती सोडली नव्हती. "असं कुणी देतंय का?" मी खड्ड्यातून ओरडलो. "न्हाई म्हणा! जरा तरी ताणा!"

"थोरल्याला सांगून ठेवलंय," अप्पा म्हणाले. "कडा सरळ कर."

मृगाच्या आधी त्यांना तिथं बसवलं.

मी तो अर्धा कोपरा सोडून दिला, असं गावात कुणी कुणी सांगतं. साफ खोटं. घेतला, दुकानही बांधलं. फक्त दार सडकेकडं न काढता त्यांच्या बाजूला काढलं. मोटारीतून उतरलेल्या गिऱ्हाइकाला वळसा पडतो. धंद्याला ते वाईट आहे.