श्राद्धाची कारली

सासऱ्यांच्या पहिल्या वर्षश्राद्धाला तीन आठवडे राहिले होते आणि गच्चीवरच्या वेलाला एक कारलं धरेना. फूल यायचं, बोटाएवढं कारलं दिसायचं, पिवळं पडून गळायचं. माझा जीव टांगणीला लागला होता.

आमच्या कुंभकोणमच्या मराठी घरांत श्राद्धाच्या पानावर एकटं कारलं शंभर भाज्यांच्या जागी धरतात. बाजारात हवी तेवढी मिळतात. पण सासूबाईंनी, ज्यांना आम्ही सगळेच अम्मा म्हणतो, आधीच बजावलं होतं की कारली सासऱ्यांच्याच बियाण्याची हवीत. सासऱ्यांनी निवृत्तीनंतर रंगाच्या रिकाम्या बादल्यांना भोकं पाडून ही बाग उभी केली होती. नारळाचा भुसा, भाज्यांची सालं, कॉफीचा चोथा. ते गेल्यावर अम्मा एकदाही वर आल्या नव्हत्या. बादल्या माझ्या गळ्यात पडल्या, आणि माझ्या हातची तर तुळससुद्धा जगत नाही.

शेवटी चोळपुरमहून रोपं विकायला येणाऱ्या माणसाला विचारलं. त्याने एक बाटली काढून दिली, मीन अमिलम. मासळीचा टाकाऊ भाग गुळात कुजवून काढलेलं पाणी. आमच्या घरात अंड्याचंही नाव काढत नाहीत! तरी घेतली. गरजवंताला अक्कल नसते. बादलीभर पाण्यात दोन चमचे घालून आठवड्याला एकदा देत गेले.

वेल तरारला. सात कारली धरली. आणि शेजारचं मांजर आमच्या गच्चीवरून हलेना.

"कसला वास गे?" अम्मांनी खालून विचारलं.

"पंचगव्य घातलंय," मी थाप मारली.

श्राद्धाच्या सकाळी अम्मा सोवळ्यात चुलीपुढे होत्या. भटजी अकराला यायचे होते. "कारली आण," त्या म्हणाल्या. मी जिन्यापर्यंत गेले आणि पाय उचलेना. शिजवून वाढलं असतं तर कुणाला कळणार होतं? कुणालाच नाही, आणि तेच मला सोसेना. ही बाई वर्षभर माझ्या हातचं डोळे मिटून खात होती. बाजार गाठायला अजून वेळ होता. मी परत फिरले आणि सगळं सांगून टाकलं, बाटली, मासळी, थाप.

दूध वर येत होतं, ते अम्मांनी उतरवलं. आता मला स्वयंपाकघरातून हाकलतात, असंच वाटलं.

"पंचगव्य म्हणून सांगटलीस," त्या म्हणाल्या. "त्यांनीबी तेच सांगटलं होतं."

मला कळेना.

"ते वर असले की मांजर वरच. खाली येताना साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे. मला वास येत नाही, असं वाटायचं त्यांना. कसाला विचारू? वर सुखात असायचे. मी खाल्ली की ती कारली."

मला रडू आवरेना.

"त्यांना हीच चव ठाऊक. जा, आण. एक ठेव वेलावर, बियाला."

मी वळले.

"थांब, मीच येते. कोणतं ठेवायचं ते तुला कळायचं नाही," अम्मा म्हणाल्या, आणि वर्षभरानंतर जिना चढू लागल्या.