कोऱ्या स्लिपांचं कपाट

लोबो मॅडमचं नाव आधी लिहिते. त्या मध्ये पडल्या नसत्या तर मी आज भंडाऱ्याला परत गेले असते. पुण्यातल्या एका ख्रिश्चन कॉलेजात त्या अमेरिकेचा इतिहास आणि संस्कृती शिकवतात. मी तिथल्या लायब्ररीत कॉन्ट्रॅक्टवर अटेंडंट. शिक्षण नववी.

त्या महिन्यात वीडिंग चाललं होतं. वीडिंग म्हणजे कोणी वाचत नाही ती पुस्तकं काढून टाकणं. ग्रंथपाल साठे सरांनी नियम सांगितला. पुस्तकाच्या शेवटी स्लिप चिकटवलेली असते. पुस्तक कोणी घरी नेलं की तिच्यावर तारखेचा शिक्का पडतो. दहा वर्षांत शिक्का नाही, ते पुस्तक बाहेर.

तीन दिवस मी स्लिपा बघत होते. एक अख्खं कपाट कोरं निघालं. मला बरंच वाटलं. बाकीच्या रद्दीबरोबर गठ्ठे बांधून मागच्या पोर्चमध्ये ठेवले.

चौथ्या दिवशी सकाळी मॅडम वर्ग घेऊन आल्या. परीक्षा आठवड्यावर. त्यांच्या विषयाचं कपाट रिकामं.

साठे सर आवाज चढवत नाहीत. "ही रेफरन्सची पुस्तकं. इथेच बसून वाचायची. घरी जातच नाहीत, तर शिक्का कोण मारणार, भूत?" मग म्हणाले, "बाई, उद्यापासून आपण येण्याचा त्रास घेऊ नका."

आईला मी नोकरी पक्की आहे म्हणून सांगून ठेवलं होतं.

"साठे," मॅडम म्हणाल्या, "रेफरन्सची स्लिप कोरीच राहते, हे यांना सांगितलं होतंत?"

"त्यात सांगायचं काय? सगळ्यांना माहीत असतं."

"म्हणजे नाही सांगितलं. रद्दीवाला कधी येतोय?"

"बाराला."

सगळा वर्ग पोर्चमध्ये फरशीवर बसला. गठ्ठे सोडले. मॅडम एकेक पुस्तक माझ्या हातात देत आणि त्यात काय आहे ते मराठीत सांगत. एकात गुलामांची हकीकत होती. काही राज्यांत त्यांना वाचायला शिकवणं हा गुन्हा होता म्हणे. आमच्या गावाकडे असा कायदा नव्हता. हायस्कूल नऊ किलोमीटरवर होतं, तेवढं पुरलं.

साडेअकराला कपाट भरलं. मला काढण्याबद्दल साठे सर पुन्हा बोलले नाहीत. पुण्यात याला माफी म्हणतात.

मॅडम जाताना म्हणाल्या, "सोमवारपासून माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसायचं. आत काय आहे ते कळलं की टाकताना हात अडखळतो."

तेव्हापासून बसते. दिवसभर शिड्या चढून डोळे मिटतात, निम्मं इंग्रजी डोक्यावरून जातं, तरी बसते. स्लिप कोरी असली तरी पुस्तक वाचलेलं असू शकतं, एवढं पक्कं शिकले.

मॅडम लवकरच रिटायर होतील. विश्रांतवाडीच्या त्यांच्या घरात पुस्तकं पलंगाखालीसुद्धा आहेत. ती सगळी मी एक दिवस लावून देणार आहे, कार्डं लिहून. आणि एकही बाहेर काढण्याआधी त्यांना विचारणार आहे.