ब्रेस लावलाय की काढलाय?

तिने डॉक्टरांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते लिफ्टमध्ये. इमारतीत राहायला येऊन तिला आठवडाही झाला नव्हता. तिच्या हातात भाजीची पिशवी, आणि समोर पन्नाशी ओलांडलेला एक गृहस्थ लिफ्टच्या भिंतीला तळहात टेकवून, डोळे मिटून उभा. तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळावर आई हात ठेवते, तसा. तिसरा मजला आला, त्यांनी डोळे उघडले आणि कोणालाच न उद्देशून म्हणाले, "डावीकडचा रूळ जरा कुरकुरतोय." एवढं बोलून बाहेर पडले.

इमारतीत सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. होते ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीतले मेकॅनिक. पण यंत्राला नुसता हात लावून त्याचं दुखणं सांगायचे, म्हणून कोणीतरी थट्टेने डॉक्टर म्हटलं आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. एका नव्या बिऱ्हाडातल्या बाईने तर खोकणारं मूल त्यांच्या दारात आणून उभं केलं होतं. डॉक्टरांनी मुलाला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि "मी फक्त लिफ्टचा हो," असं इतकं ओशाळून सांगितलं की त्या बाईलाच चुटपुट लागली.

ती स्वतः चष्म्याच्या दुकानात कामाला होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. मुलीचा फोन यायचा, पण "आई, तुझं काय नवीन?" या प्रश्नावर ती उलट जावयाचीच चौकशी करायची. इतर दिवस गिऱ्हाइकांत निघून जात. रविवार मात्र अंगावर येई.

अशाच एका रविवारी ती कचरा टाकायला तळघरात उतरली. तिथल्या पार्किंगमध्ये डॉक्टर आपल्या गाडीच्या बॉनेटखाली डोकं घालून स्वतःशीच बोलत होते. गाडी लहानशी, दोन सीटची, उघड्या टपाची जुनी स्पोर्ट्स कार. एवढ्या अबोल माणसाकडे असली गाडी म्हणजे एखाद्या कारकुनाने खिशात रेशमी रुमाल बाळगावा तसं वाटत होतं.

"काय झालंय पेशंटला?" तिने विचारलं.

डॉक्टर दचकले. मग बोलायला लागले, ते थांबेचनात. टप नसलेली गाडी म्हणजे झाकण नसलेला बुटांचा खोका. कोपरे धरून पिळला की पिळतो. खराब रस्त्यावर सांगाडा असा पिळला की स्टिअरिंग थरथरतं, दारं करकरतात. म्हणून त्यांनी दोन ब्रेस, म्हणजे सांगाडा ताठ धरून ठेवणारे लोखंडी आधार, बसवले होते. एक वर, इंजिनाच्या अंगावरून आडवा जाणारा, पुढच्या दोन शॉक अब्सॉर्बरांची टोकं बांधून ठेवणारा. दुसरा खाली, गाडीच्या पोटाशी, फुलीच्या आकाराचा.

"आता काय हुकमी चालते म्हणून सांगू!" ते म्हणाले. मग आवाज उतरला. "पण बसवले मीच ना. माझेच कष्ट. मला चांगलंच वाटणार."

ती हसली. "आमच्या दुकानात हे रोजचंच. तेच भिंग काढून परत लावायचं आणि विचारायचं, हे बरं की आधीचं बरं? निम्मी माणसं म्हणतात, हे बरं."

"मग खरं कसं कळतं?"

"काय लावलंय ते सांगायचंच नाही. न सांगता बदलायचं आणि विचारायचं. तुमच्या गाडीचंही तसंच करा."

"त्याला दुसरं माणूस लागतं," डॉक्टर म्हणाले.

पुढच्या रविवारी ती जुने कपडे घालून खाली आली.

डॉक्टरांनी तिला पाना धरायला शिकवलं. डॉक्टर फाटकाबाहेर जाऊन उभे राहायचे. तिने ब्रेस काढायचा किंवा तसाच ठेवायचा, पण बोल्ट मात्र दोन्ही वेळा सोडून आवळायचे, म्हणजे वेळ आणि आवाज सारखाच. काढला तर घोंगडीत गुंडाळून डिकीत ठेवायचा, म्हणजे गाडीचं वजन तेवढंच. मग दोघांनी निघायचं, शहराबाहेर गोदामांच्या मागच्या उखडलेल्या रस्त्याने टेकडीच्या वळणांपर्यंत. तिने शेजारी बसायचं, पण तोंडावरून काही कळू द्यायचं नाही. त्यासाठी ती दुकानातला भला मोठा काळा चष्मा घालून आली.

"सिनेमातल्या नटीसारख्या दिसताय," डॉक्टर म्हणाले.

"आणि तुम्ही तिच्या ड्रायव्हरसारखे. चला."

वरच्या ब्रेसचा निकाल लवकर लागला. डॉक्टर जितक्या वेळा बरोबर, तितक्याच वेळा चूक. लावलेला असताना "काढलाय" म्हणाले, काढलेला असताना "अहाहा, हा लावल्याचा गुण" म्हणाले. त्यांना स्वतःचंच इतकं हसू आलं की गाडी बाजूला घ्यावी लागली. "दागिना आहे नुसता," ते म्हणाले आणि तो ब्रेस कायमचा काढून टाकला. इतकं मोकळं हसलेले डॉक्टर इमारतीत कोणी पाहिले नसतील. तिने पाहिले.

मग खालचा. त्यासाठी गाडी लाकडी उतारांवर चढवावी लागे आणि तिला पाठीवर झोपून आत सरकावं लागे. बाहेर आली की केसांत धूळ, गालाला ग्रीस. मुलीला तिने फोनवर सांगितलं, "मी गाडीखाली जाते हल्ली." मुलगी म्हणाली, "आई, बरी आहेस ना?"

खालच्या ब्रेसचं उत्तर डॉक्टरांना गोदामांच्या रस्त्यावरच सापडलं. "काढलाय," ते म्हणाले. "आरसा बघा कसा थरथरतोय." बरोबर होतं. पुढच्या रविवारी "लावलाय," तेही बरोबर. त्याच्या पुढच्या रविवारीही बरोबर.

"वळणावर जास्त वेगाने जाते असं नाही हं," परतताना ते समजावत होते. "ते काम टायरचं. पण चाक फिरवलं की गाडी लगेच ऐकते, मधे विचार करत बसत नाही. अजून एकदा बरोबर आलं की झालं. निकाल लागला."

झालं. हा एक शब्द ती आठवडाभर दुकानात घोळवत राहिली. गिऱ्हाइकांच्या नाकावर भिंगं चढवताना, उतरवताना. निकाल लागला की गाडीखाली जायचं कारण नाही, काळा चष्मा नको, टेकडी नको. रविवार पुन्हा आपला पूर्वीसारखा.

त्या रविवारी उखडलेला रस्ता पार होताच डॉक्टर म्हणाले, "लावलाय. शंकाच नाही."

ब्रेस लावलेलाच होता. "चुकलं," ती म्हणाली.

डॉक्टरांनी काही वाद घातला नाही. तिचा शब्द म्हणजे शब्द. फक्त परतीच्या वाटेवर ते पुन्हा पुन्हा आरशाकडे बघत राहिले. पुढच्या खेपेला त्यांनी तोच रस्ता दोनदा पालथा घातला, मग चाचरत उत्तर दिलं. तिने पुन्हा सांगितलं, चुकलं. चाचणी चालू राहिली याचा तिला आनंद झाला होता, खोटं कशाला बोला. डॉक्टरांचं जेवण कमी झालंय, दाढी वाढलीय, हे तिला दिसत होतं. तिने ते मनावर घेतलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी टेकडीच्या पायथ्याशी त्यांनी गाडी थांबवली.

"ताई, मी ऑफिसात अर्ज दिलाय, मला आता स्टोअरमध्ये बसवा. सामान काढून देत जाईन."

"का? एकदम असं काय?"

"हातांवर भरवसा राहिला नाही." त्यांनी दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवले. "परवा एका लिफ्टला हात लावला. वाटलं, ठीक आहे. मग वाटलं, मला काय कळतंय? एवढा खालचा ब्रेस कळत नाही. दोनदा मीटर लावून पाहिला, तरी जिवाला स्वस्थता नाही. माणसं उभी राहतात हो त्यात."

तिने काळा चष्मा काढला.

"डॉक्टर, तुमचं बरोबर होतं."

"कशाचं?"

"दोन्ही वेळा. लावलेला होता तेव्हा तुम्ही लावलाय म्हणालात. काढला होता तेव्हा काढलाय म्हणालात. मी चुकलं म्हणून सांगितलं."

पहिल्यांदा डॉक्टरांच्या चेहऱ्यावर जे आलं तो राग नव्हता. ती सुटका होती. "म्हणजे आरसा खरंच थरथरत नव्हता," ते हळूच म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "पण का, ताई?"

"निकाल लागला असता."

हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. लिफ्टचं दुखणं त्यांना चटकन कळायचं, माणसांच्या बाबतीत ते सावकाश होते.

"दुकानातही असंच करता?" त्यांनी विचारलं. थट्टा होती की टोमणा, तिला कळलं नाही.

"दुकानात मला कोणी फिरायला नेत नाही."

डॉक्टरांनी गाडी सुरू केली. तळघरात उतरताना तिने धीर करून विचारलं, "पुढच्या रविवारी?"

डॉक्टरांनी प्रामाणिकपणे विचार केला. प्रत्येक गोष्टीचा ते तसाच करत.

"पुढच्या रविवारी काय तपासायचं, ताई?"

आवाजात जराही कडवटपणा नव्हता. तेच तिला जास्त लागलं. काही तपासायचं नाही, नुसतं जाऊ या, हे शब्द तिच्या अगदी ओठांवर आले होते. पण आत्ताच ज्या तोंडाने खोटं कबूल केलं त्याच तोंडाने आणखी काही मागायचं, हे तिला जमेना.

"खरंच. काही नाही," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मान डोलावली, तिच्यासाठी लिफ्टचं दार धरून ठेवलं आणि स्वतः जिन्याने वर गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसातला अर्ज मागे घेतला, हे तिला नंतर रखवालदाराकडून समजलं. दोघांची अजून गाठ पडते. डॉक्टर "कशा आहात?" विचारतात, ती "बरी आहे" म्हणते, आणि मजला येतो. ते अजून लिफ्टच्याच कामावर आहेत. रविवारची ड्युटी मात्र हल्ली स्वतःहून मागून घेतात.